गीझर, वायर आणि एमसीबी: तापक भारांच्या संरक्षणाचा हिशेब

कुंडांच्या गावातले गीझर

भिवंडी तालुक्यातील गणेशपुरी हे तानसा नदीच्या खोऱ्यातील गाव गरम पाण्याच्या कुंडांसाठी प्रसिद्ध आहे. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी या पट्ट्यात भूगर्भातून वर येणारे पाणी पन्नास अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले असते. तरीही गावातील लॉज, भक्तनिवास आणि घरांच्या न्हाणीघरांत विजेचे गीझर लागतात. झऱ्याच्या पाण्यात क्लोराइड क्षार भरपूर असतात. ते स्नानाला चालते, पण नळ, टाकी आणि गीझरच्या धातूला मानवत नाही. त्यामुळे खोल्यांना साधे पाणी पुरवायचे आणि ते विजेवर तापवायचे, अशी सोय करावी लागते. येथील गर्दीचे मोठे दिवस नेमके पावसाळ्यात येतात. गुरुपौर्णिमा आषाढात असते आणि येथील संत भगवान नित्यानंदांनी समाधी घेतली तो दिवस ८ ऑगस्ट १९६१ हा होता. खोल्या भरलेल्या, पहाटे सगळे गीझर एकदम चालू आणि भिंती ओल्या: तापक भाराच्या संरक्षणाची याहून कठीण परीक्षा क्वचितच होत असेल.

तापक भाराचा स्वभाव

विद्युतधारा रोधक तारेतून नेऊन उष्णता निर्माण करणाऱ्या उपकरणांना तापक भार म्हणतात. गीझर, पाण्याचा रॉड, इस्त्री, शेगडी, हॉटेलातील बेन-मारी आणि पॅकेजिंगचे श्रिंक टनेल ही सर्व याच कुळातील यंत्रे आहेत. त्यांच्या पोटात बहुधा निक्रोम, म्हणजे निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू असतो. अल्बर्ट मार्श या अमेरिकी संशोधकाला १९०६ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. लाल होईपर्यंत तापूनही न जळणारी तार त्यानंतरच सहज उपलब्ध झाली. निक्रोमचा दुसरा गुण संरक्षणाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. थंड असताना आणि पूर्ण तापल्यावर त्याचा रोध जवळजवळ सारखाच राहतो, फरक पडतो तो काही टक्क्यांचा. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट धारा ओढते, तसा धक्का गीझर देत नाही. शिवाय शक्तिगुणांक १ असल्याने वॅट भागिले व्होल्ट केले की अँपिअर मिळतात.

यातून एक निष्कर्ष निघतो आणि पुढचे सर्व विवेचन त्यावर उभे आहे. तापक यंत्र स्वतःहून ओव्हरलोड होत नाही. मोटर अडकली की अधिक धारा ओढते. गीझरच्या टाकीत पाणी असो वा नसो, तो ठरलेलीच धारा ओढतो. म्हणून गीझरच्या सर्किटवरील एमसीबी, म्हणजे छोटा सर्किट ब्रेकर, गीझरचे रक्षण करतो ही समजूत बरीचशी चुकीची आहे. तो रक्षण करतो वायरचे.

एमसीबीची दोन अंगे

आजच्या घडणीचा छोटा सर्किट ब्रेकर जर्मनीतील मानहाइम येथील ह्यूगो श्टॉट्झ यांच्या कंपनीत आकाराला आला. पेटंट १९२४ चे आहे. एकाच डबीत दोन स्वतंत्र यंत्रणा बसवणे ही त्यातील कल्पना. पहिली द्विधातू पट्टी: धारेने तापते, वाकते आणि खिट्टी सोडते. ती मंद असते व अतिभार ओळखते. दुसरी विद्युतचुंबकीय गुंडाळी: शॉर्ट सर्किटची प्रचंड धारा आली की क्षणार्धात संपर्क तोडते.

पहिल्या अंगाचे वर्तन आयएस/आयईसी ६०८९८-१ या मानकात बांधून दिलेले आहे. नाममात्र क्षमतेच्या १.१३ पट धारेला एमसीबीने तासभर पडता कामा नये आणि १.४५ पट धारेला तासाभरात पडलेच पाहिजे. १६ अँपिअरच्या एमसीबीसाठी हे आकडे सुमारे १८ आणि २३ अँपिअर होतात. २.५५ पट, म्हणजे जवळपास ४१ अँपिअर धारेला तो १ ते ६० सेकंदांच्या दरम्यान पडतो. थोडक्यात, १६ हा आकडा ‘सोळाच्या वर गेले की बंद’ असा नसतो. २२ अँपिअर धारा त्यातून बराच वेळ वाहू शकते आणि त्यात मानकाचा भंग होत नाही. वायरमनमंडळींना हे अनुभवाने ठाऊक असते. ग्राहकाला मात्र तो एमसीबीचा दोष वाटतो.

धारेचा हिशेब

आपल्याकडील २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर १ किलोवॅटचा रॉड ४.३ अँपिअर, २ किलोवॅटचा गीझर ८.७, ३ किलोवॅटचा १३, तर ४.५ किलोवॅटचा झटपट गीझर १९.६ अँपिअर घेतो. रोध कायम असल्याने दाब वाढला की धारा त्याच प्रमाणात आणि शक्ती वर्गाच्या प्रमाणात वाढते. रात्री भार कमी असताना दाब २५० व्होल्टपर्यंत चढला, तर ३ किलोवॅटचा गीझर १४.२ अँपिअर आणि साडेतीन किलोवॅटहून अधिक शक्ती घेईल. दाब २०० पर्यंत घसरला, तर २ किलोवॅटचा गीझर दीडच किलोवॅटवर चालतो. एमसीबीला त्याचा त्रास नाही, स्नानाला थांबलेल्याला आहे.

धारेइतकाच कालावधी महत्त्वाचा. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यासाठी सुमारे २,२०० किलोज्यूल ऊर्जा लागते. २ किलोवॅटचा गीझर ती अठरा-एकोणीस मिनिटांत देतो व थर्मोस्टॅट त्याला बंद करतो. घरात असे एक-दोनदा होते. लॉजमध्ये एकामागून एक स्नाने चालू असली की थर्मोस्टॅटला उसंत मिळत नाही आणि भार सलग होतो. अमेरिकी विद्युत संहितेत तीन तास किंवा अधिक चालणाऱ्या भाराला ‘सतत भार’ मानून त्याच्या १२५ टक्के क्षमतेचे संरक्षण सांगितले आहे. साठवणीचे गीझर तिथे सरसकट याच गटात धरतात. भारतातही हा गुणक वापरणे हिताचे आहे. त्यानुसार २ किलोवॅटला ८.७ गुणिले १.२५ म्हणजे १०.९ अँपिअर येतात, म्हणून १६ चा एमसीबी योग्य. साडेचार किलोवॅटला २४.५ येतात, म्हणून २५ चा. पंचाईत होते ती ३ किलोवॅटची. हिशेब १६.३ वर जातो आणि १६ चा एमसीबी काठावर येतो. ३ लिटरचा झटपट गीझर काही मिनिटेच चालतो, तिथे १६ पुरतो. मोठी टाकी सलग तापवायची असेल तर २० चा एमसीबी घ्यावा, पण त्यासोबत वायरही बदलावी लागते.

भार, एमसीबी, वायर: हाच क्रम

निवडीचा मूळ नियम असा: भाराची धारा एमसीबीच्या आकड्यापेक्षा कमी आणि एमसीबीचा आकडा वायरच्या वहनक्षमतेपेक्षा कमी असावा. या साखळीतला मधला दुवा एकटा बदलता येत नाही. बाजारात ‘अडीचची वायर’ म्हणून मिळणारी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची पीव्हीसी वायर भिंतीतील पाइपातून नेली, तर आंतरराष्ट्रीय कोष्टकानुसार ३० अंश तापमानात २४ अँपिअर वाहते. परिसर ४० अंशांचा धरला की ०.८७ चा गुणक लागून ती २१ वर येते. एकाच पाइपात दोन सर्किटे असतील, तर ०.८ चा गुणक लागून १६.७ उरतात, तीन सर्किटे असतील तर ०.७ चा लागून १४.६.

शेवटचा आकडा बोलका आहे. तीन खोल्यांच्या गीझरच्या वायर एकाच पाइपातून ओढल्या की अडीचच्या वायरवर १६ चा एमसीबीसुद्धा नियमात बसत नाही, मग प्रत्येक गीझर ८.७ अँपिअरच का घेईना. तिथे चारची वायर वापरली, तर त्याच परिस्थितीत ३२ वरून साडेएकोणीस अँपिअर उरतात व मेळ बसतो. बांधकामाच्या वेळी एक पाइप वाचवणे स्वस्त वाटते, पण त्याची किंमत तांब्यात मोजावी लागते.

एमसीबी वारंवार पडतो म्हणून १६ काढून २५ किंवा ३२ चा बसवणे हा सर्वत्र आढळणारा उपाय या क्रमाची उलटापालट करतो. २५ च्या एमसीबीला ३६ अँपिअर धारा तासभर सोसण्याची मुभा आहे. भिंतीतील अडीचच्या वायरला तशी मुभा नाही आणि १६ अँपिअरच्या सॉकेटला तर मुळीच नाही. एमसीबी पडणे थांबते आणि सॉकेट काळे पडू लागते.

पेटीतली उष्णता

द्विधातू पट्टीला आपल्याच धारेने तापणे आणि बाहेरून तापणे यांत भेद करता येत नाही. घरगुती एमसीबीचे नाममात्र आकडे ३० अंश तापमानाला धरून दिलेले असतात. जिन्याखालच्या बंद लोखंडी डीबीत, म्हणजे वितरण पेटीत, उन्हाळ्यात ४५-५० अंश सहज होतात आणि तेवढ्याने क्षमता साधारण दहा टक्क्यांनी घटते. त्यातच सहा-आठ एमसीबी खेटून बसवलेले आणि सगळे एकदम भारावर असतील, तर ते एकमेकांना तापवतात. त्यासाठी उत्पादक ०.८ च्या आसपासचा आणखी एक गुणक देतात. म्हणजे १६ गुणिले ०.९ गुणिले ०.८: प्रत्यक्षात साडेअकरा अँपिअर. २ किलोवॅटचे गीझर त्यात बसतात. ३ किलोवॅटचे सलग चालले तर एमसीबी पाडू शकतात आणि ‘माल खराब निघाला’ असा निवाडा होतो.

ही अडचण तापक भारांनाच प्रकर्षाने जाणवते. दिवे-पंख्यांची सर्किटे क्वचितच पूर्ण क्षमतेने चालतात. गीझरची चालतात, तीही एकाच वेळी. म्हणून मोठ्या धारेच्या एमसीबींमध्ये एक जागा मोकळी सोडणे किंवा त्यांच्यामध्ये दिव्यांचे कमी भाराचे एमसीबी बसवणे, डीबी हवेशीर जागी लावणे, आणि स्क्रू नीट आवळणे हे उपाय आकडा वाढवण्याच्या आधी करून पाहावेत. सैल स्क्रूखालची उष्णताही थेट पट्टीपर्यंत पोहोचते. अशा वेळी पडणारा एमसीबी बिघडलेला नसून खरी बातमी देत असतो.

बी की सी

एमसीबीवर आकड्याआधी छापलेले अक्षर चुंबकीय अंगाची संवेदनशीलता सांगते. बी प्रकार ३ ते ५ पट धारेला, सी ५ ते १० पट धारेला आणि डी १० ते २० पट धारेला तत्काळ तुटतो. सी आणि डी हे मोटर किंवा ट्रान्सफॉर्मरचा सुरुवातीचा झटका सोसण्यासाठी असतात. निक्रोमच्या तापकाला झटका नसल्याने त्याला बी पुरतो. दुकानात मात्र बहुधा सी हाती पडतो, कारण तो सगळीकडे चालतो.

हा फरक लाइनच्या टोकाला जाणवतो. १६ अँपिअरचा बी हमखास तुटण्यासाठी ८० अँपिअरची दोषधारा पुरेशी आहे, सी साठी १६० लागतात. २३० व्होल्टला त्या वाहायच्या तर संपूर्ण वाटेचा रोध अनुक्रमे २.९ आणि १.४ ओहमच्या आत असला पाहिजे. डीबीपासून चाळीस मीटरवरील खोलीपर्यंत जाऊन परत येणारी अडीचची वायर ०.६ ओहम खाते, तापलेली असेल तर ०.७. खांबावरील अॅल्युमिनियमची तार तीनशे मीटरची असेल, तर जाऊन-येऊन आणखी सुमारे अर्धा ओहम. सर्व्हिस वायर आणि सांधे मिळवले की सी प्रकाराची मर्यादा गाठलीच. ती ओलांडली तरी आकाश कोसळत नाही. द्विधातू पट्टी काही सेकंदांत सर्किट तोडते, पण त्या सेकंदांत वायर आणि सांधे भाजतात. टोकाच्या इमारतीत गीझरसाठी बी मागून घेणे त्यामुळे योग्य ठरते.

याउलट एमसीबीवर चौकटीत छापलेली खंडनक्षमता, म्हणजे १०,००० अँपिअरचा आकडा, गावात फारशी कसोटीला लागत नाही. १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरच्या अगदी तोंडाशीही दोषधारा तीन हजार अँपिअरच्या आसपास राहते.

एमसीबीला न दिसणारे दोष

तापक सर्किटांत प्रत्यक्ष नुकसान करणारे बरेचसे दोष धारा वाढवतच नाहीत. सैल पिनचे सॉकेट घ्या. संपर्काचा रोध अर्धा ओहम झाला आणि १३ अँपिअर वाहत असले, तर त्या एका बिंदूवर ८५ वॅट उष्णता साचते. प्लॅस्टिक वितळण्यास तेवढी भरपूर झाली. एकूण धारा मात्र किंचित कमीच झालेली असते. टाकी रिकामी असताना गीझर चालू केला, तर एलिमेंट जळते आणि धारा शेवटपर्यंत ८.७ राहते. एलिमेंटवर क्षारांचा थर जमला, तर उष्णता पाण्यात जाण्याऐवजी आतच कोंडते व तार अकाली तुटते. तेव्हाही धारा तीच. हे दोष थर्मोस्टॅट, त्याच्या जोडीचा आपोआप परत न लागणारा थर्मल कटआउट आणि दाब सोडणारी सुरक्षा झडप यांच्या अखत्यारीत येतात. गीझरमध्ये ते असले आणि चालू असले पाहिजेत. डीबीतील कितीही महाग एमसीबी त्यांची जागा घेत नाही.

सर्वांत फसवा दोष न्यूट्रल तुटण्याचा. थ्री-फेज पुरवठ्यात सामाईक न्यूट्रल निसटला, तर वेगवेगळ्या फेजवरील भार एकमेकांशी जोडले जातात आणि हलका भार असलेल्या फेजवर दाब ४०० व्होल्टच्या दिशेने चढतो. २ किलोवॅटच्या गीझरचा रोध २६.४५ ओहम असतो. ४०० व्होल्टला तो १५.१ अँपिअर आणि ६ किलोवॅट, म्हणजे तिप्पट शक्ती घेईल. सर्किटवर १६ चा एमसीबी आहे. त्याच्या दृष्टीने सारे आलबेल! दाबावर लक्ष ठेवणारा ओव्हर-व्होल्टेज प्रोटेक्टर हाच यावरचा उपाय. जुन्या उघड्या तारांच्या लाइनवर असलेल्या इमारतीत तो चैनीचा विषय नाही.

गळतीचे संरक्षण

एलिमेंटची नळी चिरली की फेज पाण्याला आणि गीझरच्या धातूला मिळतो. ग्रामीण भागात अर्थिंग बहुधा ग्राहकाच्या अंगणातील पट्टी-पाइपाचे असते, वीज कंपनीच्या तारेतून आलेले नसते. दोषधारेला मातीतून ट्रान्सफॉर्मरपर्यंत जावे लागते. इमारतीच्या अर्थचा रोध १५ ओहम आणि ट्रान्सफॉर्मरकडचा ५ धरला, तर २३० व्होल्टला साडेअकरा अँपिअर वाहतील. गीझरचे नेहमीचे ८.७ मिळवून २०.२ होतात. १६ च्या एमसीबीसाठी ही धारा १.२६ पट आहे: १.१३ आणि १.४५ यांच्या मधला, मानकाने मोकळा सोडलेला प्रदेश. एमसीबी पडेल किंवा पडणारही नाही. दरम्यान गीझरच्या अंगावर आणि त्याला जोडलेल्या लोखंडी नळावर १७० व्होल्टहून अधिक दाब उभा राहतो.

अर्थिंग चांगले केले असले तरी एकट्या एमसीबीवर विसंबता येत नाही, ते या हिशेबामुळे. इथे आरसीसीबी लागतो. गावात त्याला जुन्या सवयीने ईएलसीबीच म्हणतात. तो फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परतलेली धारा यांची वजाबाकी करतो. ३० मिलिअँपिअरच्या फरकाला त्याने ०.३ सेकंदांत तुटलेच पाहिजे आणि पाचपट फरकाला ०.०४ सेकंदांत. वरच्याच उदाहरणात गळती हळूहळू वाढत गेली, तर गीझरचे अंग अर्धा व्होल्टही गाठण्याआधी पुरवठा बंद होतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांतही अर्थ-लीकेज संरक्षणाची तरतूद आहे. आरसीसीबी अतिभार ओळखत नाही. म्हणून त्याच्या जोडीला एमसीबी हवाच, किंवा दोन्ही कामे करणारा आरसीबीओ. बादलीत सोडायच्या रॉडबाबत तर आरसीसीबीविना वापर हा शुद्ध बेफिकीरपणा आहे. तिथे पाणी, धातू आणि हात यांच्यात काही इंचांचेच अंतर असते.

पावसाळा आणि पांढरी भुकटी

एलिमेंटच्या नळीत निक्रोमची तार मॅग्नेशियम ऑक्साइडच्या दाबून भरलेल्या भुकटीत बसवलेली असते. ही भुकटी उष्णता नेते, वीज अडवते. तिचा अवगुण एकच: ती हवेतील ओलावा शोषते. टोकाचे सील जुने झाले आणि गीझर महिना-दोन महिने बंद राहिला की जून-जुलैच्या दमट हवेत भुकटी ओलसर होते व गळती वाढते. हंगामात पहिल्यांदा खोली उघडली की आरसीसीबी पडतो तो बऱ्याचदा या कारणाने. एलिमेंट काढून कोरडे करणे किंवा बदलणे हा त्यावरचा सरळ मार्ग आहे. आरसीसीबी बायपास करून ‘तापला की सुकेल’ असे म्हणणे हा दुसरा, आणि तो चालू असेपर्यंत न्हाणीघरातील माणसाला कोणतेही संरक्षण नसते.

निरोगी गीझरचीही थोडी गळती असते. स्थिर तापक उपकरणांना सुरक्षा मानकात प्रति किलोवॅट ०.७५ मिलिअँपिअर इतकी मुभा आहे, कमाल ५ पर्यंत. म्हणजे २ किलोवॅटला दीड मिलिअँपिअर. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही तुटू शकतो. त्यामुळे एका फेजवर, एका आरसीसीबीमागे दहा गीझर जोडले, तर एकही दोष नसताना तो पडण्याची वेळ येते. कायमची गळती क्षमतेच्या सुमारे तीस टक्क्यांत, म्हणजे ९ मिलिअँपिअरच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. त्यात सहा गीझर बसतात. व्यवहारात तीन-चारच ठेवणे शहाणपणाचे.

दहा खोल्यांचा लॉज

उदाहरणादाखल गणेशपुरीतील दहा खोल्यांची इमारत घेऊ. प्रत्येक खोलीत १५ लिटर, २ किलोवॅटचा गीझर आहे. एकूण भार २० किलोवॅट, थ्री-फेज पुरवठा. गीझर ४, ३, ३ असे वाटले की फेजनिहाय धारा ३४.८, २६.१ आणि २६.१ अँपिअर होते. तिन्ही भार शुद्ध रोधक असल्याने न्यूट्रलमधून फरकाचेच ८.७ अँपिअर परततात. एरवी सगळे गीझर एकदम चालणार नाहीत असे मानून मुख्य एमसीबी लहान घेण्याची रीत आहे. गुरुपौर्णिमेच्या पहाटे ते मानणे चुकेल, म्हणून सवलत न देता ३४.८ ला १.२५ ने गुणायचे: ४३.५. मुख्य एमसीबी ५० अँपिअरचा, चार पोलचा. प्रत्येक खोलीला बी-१६ चा एमसीबी, एका पाइपात दोनपेक्षा अधिक सर्किटे नाहीत, वायर अडीचची. गळतीसाठी प्रत्येक फेजवर स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. गळती ६, साडेचार, साडेचार मिलिअँपिअर इतकीच राहते. खर्चाची तयारी असेल तर प्रत्येक खोलीला आरसीबीओ सर्वांत उत्तम, कारण मग एका खोलीतील चिरलेल्या एलिमेंटमुळे त्याच फेजवरील उरलेल्या खोल्यांचे पाणी थंड होत नाही. सगळ्या इमारतीला मिळून एकच आरसीसीबी बसवणे कागदावर चालते. पहाटे साडेचारला तो पडला की पाहुणे आणि व्यवस्थापक या दोघांनाही त्यातले न्यून कळते.

नियमात न बसणारे तापक

निक्रोमचा नियम सर्व तापकांना लागू नाही. हॅलोजन हीटरमधील टंगस्टनचा रोध थंड असताना तापलेल्या स्थितीच्या दशांशाहूनही कमी असू शकतो आणि चालू करताच क्षणभर दसपट धारा उसळते. तिथे बी विनाकारण पडतो, सी घ्यावा. भट्ट्यांमधील मॉलिब्डेनम डायसिलिसाइडचे एलिमेंटही थंडीत मोठी धारा ओढते. त्यामुळे त्याला दाब हळूहळू वाढवत नेणारे नियंत्रण लागते. सिलिकॉन कार्बाइडचा रोध वयानुसार वाढत जातो, म्हणजे भट्टी जुनी होते तशी धारा घटते. सॉलिड-स्टेट रिलेने चालणाऱ्या पॅकेजिंग यंत्रांत आणखी एक मेख आहे. शॉर्ट सर्किट झाल्यावर एमसीबी तुटायला लागणारे काही मिलिसेकंद रिलेतील सिलिकॉनला सोसत नाहीत. ते वाचवायचे असेल तर अतिशीघ्र फ्यूजच लावावा लागतो.

स्विच आणि पोल

काही ठिकाणी डीबीतील एमसीबीच रोजचा स्विच म्हणून वापरतात. मानकानुसार एमसीबीने नाममात्र धारेवर चार हजार वेळा उघडझाप सोसावी लागते. दिवसातून दोनदा चालू-बंद केल्यास हा आकडा साडेपाच वर्षांत गाठला जातो. रोजच्या वापरासाठी न्हाणीघराबाहेर २० अँपिअरचा डीपी स्विच असावा. डीपी म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. जोडणीत फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली असेल, तर एकेरी स्विच बंद करूनही एलिमेंट जिवंत राहते आणि टाकी उघडणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

तपासणी

आरसीसीबीवरील ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबायचे असते. दमट हवेत आतील खिट्टी गंजून अडकते आणि हालचालीनेच ती मोकळी राहते. बटण दाबल्यावर यंत्र तुटले, तर यंत्र चालते एवढेच सिद्ध होते. अर्थिंगची तार गीझरपर्यंत पोहोचते का, याची त्याला काहीही कल्पना नसते. त्यासाठी गीझरच्या अंगापासून डीबीतील अर्थपट्टीपर्यंतची सलगता मापावी लागते. एलिमेंटचे इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने तपासतात. रीडिंग एक मेगओहमच्या खाली आले, तर हंगामापूर्वीच ते बदलावे. अर्थिंगचा रोध मापण्याची वेळही महत्त्वाची आहे. पावसात भिजलेली माती वीज चांगली वाहते, म्हणून जुलैत घेतलेले मापन हमखास समाधानकारक येते. खरा आकडा मे महिन्याच्या अखेरीस, मुरूम कोरडा ठणठणीत असताना मिळतो.